लेफ्ट हँड ड्राइव्ह

आमच्या जीपच्या मागच्या फाळक्यावर पांढऱ्या रंगात, इंग्रजी अक्षरांत तीन शब्द लिहिलेले आहेत : लेफ्ट हँड ड्राइव्ह. लोणावळ्याच्या पावसात रंगाचे पोपडे निघायचे आणि दिवाळीच्या आसपास अब्बा एखाद्या पेंटरकडून ती अक्षरं पुन्हा गिरवून घ्यायचे. माझ्या वयाच्या वाचकांना हे शब्द आठवत असतील. सरकारी खात्यांच्या जीप, पोलिसांच्या जीप, निवडणुकीच्या प्रचारातल्या जीप, बाजाराच्या दिवशी कामशेतहून पवन मावळात माणसं कोंबून नेणाऱ्या जीप, कितीतरी गाड्यांच्या पाठीवर हेच लिहिलेलं असायचं. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात ड्रायव्हरही डावीकडेच बसला आहे, त्याला उजवीकडचं नीट दिसत नाही, तेव्हा जपून, अशी ती मागच्याला सूचना होती. लहानपणी मला वाटायचं, हे आमच्या जीपचं नावच आहे.

अब्बांना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून जीप घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. महिन्यातून एकदा चालू करायची, वळवणपर्यंत नेऊन आणायची, एवढाच तिचा व्यायाम. गेल्या पावसाळ्यानंतर बाहेर काढली आणि जुन्या हायवेवर ताशी चाळीसच्या आसपास गेल्यावर पुढची दोन्ही चाकं अशी थडथडायला लागली, की स्टीअरिंग हातातून निसटतंय की काय असं झालं. वेग कमी केल्यावर थांबलं. घरी येऊन जागेवर उभ्या गाडीचं स्टीअरिंग हलवून बघितलं, तर चार बोटं इकडे आणि चार बोटं तिकडे ते नुसतंच फिरत होतं. चाकं ढिम्म. गॅरेजच्या भाषेत याला प्ले म्हणतात.

त्याच आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत आला. महिंद्रा कंपनीचं मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं, हे तुम्हाला माहीत आहे का? खाली अभिमानाच्या चारपाच खुणा. म्हणजे या देशातली जीप आपल्या माणसाने आणली, असा त्याचा सूर. दोन दिवसांनी शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर तोच मजकूर वेगळ्या शेपटासकट आला. भागीदार पाकिस्तानात पळून गेला, तिकडे मंत्री झाला, बघा यांचं कसं असतं. एकच माहिती, एकाच्या हातात हार आणि दुसऱ्याच्या हातात दगड. मी दोन्हीकडे काही लिहिलं नाही. जीपखाली शिरायचं होतं. पण खाली पडून काम करताना डोकं मोकळं असतं आणि ती गोष्ट काही डोक्यातून जाईना.

तेव्हा आधी ती गोष्ट.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र महिंद्रा या दोन भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. धंदा पोलादाच्या व्यापाराचा. जगदीशचंद्र टाटांच्या पोलाद कंपनीत काम केलेले, युद्धाच्या काळात सरकारचे पोलाद नियंत्रक. कैलाशचंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनला भारताच्या पुरवठा मिशनचे प्रमुख होते. गुलाम मोहम्मद लाहोरचे, अलिगढला शिकलेले, सरकारच्या हिशेब खात्यात वाढलेले. काही काळ निजामाच्या हैदराबादेत त्यांनी अर्थखातंही सांभाळलं. थोडक्यात, हा हिशेबाच्या वह्यांचा माणूस. पाना कधी हातात धरला असेल असं वाटत नाही. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. आद्याक्षरं तीच राहिली.

आणि जीप? अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग पेट्यांतून आणून मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात झाली, ती गुलाम मोहम्मद कराचीला गेल्यानंतर. म्हणजे आपल्या ग्रुपवरचा अभिमान तारखेच्याच कसोटीला उतरत नाही. दुसऱ्या ग्रुपवरचा रागही तितकाच पोकळ. त्या वर्षी भल्याभल्यांनी घरं, दुकानं, भागीदाऱ्या सोडल्या, दोन्ही दिशांनी सोडल्या. लाहोरचा माणूस लाहोर ज्या देशात गेलं तिकडे गेला, यात मावळातल्या, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या मुसलमानाने खुलासा द्यावा असं काय आहे?

गुलाम मोहम्मदांची पुढची कारकीर्द पाहिली तर अभिमान बाळगणाऱ्यांनी जरा थांबावं असं मला वाटतं. १९५१ मध्ये ते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. १९५३ मध्ये त्यांनी ख्वाजा नझीमुद्दीन यांचं सरकार बडतर्फ केलं आणि १९५४ च्या ऑक्टोबरात संविधान सभाच बरखास्त केली. पाकिस्तानातल्या लोकशाहीची गाडी रस्ता सोडायला लागली ती तेव्हा. आणि हेच गृहस्थ २६ जानेवारी १९५५ ला दिल्लीत आपल्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते. राजपथावर झालेलं ते पहिलं संचलन. दगड हातात घेतलेल्यांना हे सांगितलं तर पटत नाही. मी सांगून पाहिलं आहे.

असो. जीपखाली जाऊ.

स्टीअरिंगमध्ये प्ले आला की नवशिक्याचा पहिला विचार असतो स्टीअरिंग बॉक्स बदलायचा. माझाही तोच होता. पण लहानपणी ज्यांच्या हाताखाली पाने आणून देण्याचं काम मी केलं, त्या मिस्त्रीचाचांचा आवाज आठवला. “ढिल्ला है मत बोल. कां से ढिल्ला है वो बोल.” त्यांचा नियम साधा होता. एकाने वर बसून स्टीअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली पडून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. डोळ्याला दिसत नाही ते बोटांना कळतं. वर माझी मुलगी बसली. खाली मी.

जुन्या जीपची रचना समजली तर पुढचं समजेल. स्टीअरिंगच्या दांड्याच्या तळाशी एक बॉक्स असतो. त्यात मळसूत्रासारखी खाच पाडलेला कॅम आणि त्या खाचेत चालणाऱ्या दोन पिना असलेला लिव्हर. दांडा फिरला की पिना खाचेतून सरकतात आणि बॉक्सबाहेरचा पिटमन आर्म मागेपुढे होतो. त्याला जोडलेली ड्रॅग लिंक पुढे जाते आणि बेल क्रँक नावाच्या काटकोनात वाकलेल्या लोखंडी तुकड्याला ढकलते. हा तुकडा एका खुंटीवर फिरतो आणि पुढेमागे येणाऱ्या ढकलीचं रूपांतर डावीउजवीकडच्या ओढीत करतो. त्याच्यापासून दोन टाय रॉड निघतात, एक डाव्या चाकाला, एक उजव्या. प्रत्येक टाय रॉडला दोन टोकं, प्रत्येक टोकाला गोळ्याचा सांधा. शेवटी प्रत्येक चाक आपापल्या किंगपिनवर वळतं. म्हणजे हातापासून रस्त्यापर्यंत आठ-दहा सांधे. प्रत्येकात कागदाइतकी झीज झाली तरी बेरजेत चार बोटं होतात.

चाकं आपापल्या खुंटीवर वळण्याची ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. बैलगाडी किंवा जुनी बग्गी वळते तेव्हा आख्खा आस वळतो, नाहीतर गाडी फरफटत फिरते. म्युनिकच्या लँकेनश्पर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने दोन्ही चाकं वेगवेगळी वळतील अशी जोडणी काढली. आतल्या चाकाला जास्त वळावं लागतं, बाहेरच्याला कमी, हा त्यातला खरा मुद्दा. इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट १८१८ साली त्याच्या लंडनमधल्या एजंटाच्या नावाने निघालं. त्या एजंटाचं नाव रुडॉल्फ ॲकरमन. आज इंजिनिअरिंगच्या प्रत्येक पुस्तकात त्या रचनेचं नाव ॲकरमन आहे. बनवणाऱ्याचं नाव तळटीपेत.

जीपचंही तेच. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मागणी काढली. मुदत इतकी थोडी होती की मोठ्या कंपन्या मागे सरल्या. बँटम नावाच्या मोडकळीला आलेल्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला गाठलं. त्याने दोन दिवसांत आराखडे काढले आणि सप्टेंबरात गाडी उभी केली. लष्कराला ती आवडली, पण मोठी कामं विलीज आणि फोर्डला गेली, कारण बँटमकडे तेवढा कारखाना नव्हता. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या आणि नाव राहिलं विलीजचं. आपल्याकडे आजही म्हातारी माणसं जुन्या जीपला ‘विलीज’च म्हणतात. मुलगी वर बसून स्टीअरिंग हलवत होती आणि मी तिला खालून हे सांगत होतो. तिचा प्रश्न एकच, “अब्बू, सापडलं का?”

सापडलं. बेल क्रँक. स्टीअरिंग हललं की तो तुकडा फिरण्याआधी खुंटीवर चक्क डुलत होता. वर ग्रीस निपल होतं, पण त्यात चिखल वाळून दगड झालेला. मावळातल्या पावसाने आतलं ग्रीस केव्हाच धुऊन नेलं होतं आणि लोखंडावर लोखंड घासत होतं. डाव्या टाय रॉडची दोन्ही टोकं सैल, उजव्याचं एक. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं तर तिथेही टकटक. अशा वेळी ब्रेक दाबून पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर टकटक थांबली तर चाकाचं बेअरिंग सैल, थांबली नाही तर किंगपिन. आमची उजवीकडे थांबली, डावीकडे नाही.

हे सगळं मला कुठल्या पुस्तकाने नाही, मिस्त्रीचाचांनी शिकवलं. त्यांचं गॅरेज म्हणजे हायवेच्या कडेला चिंचेखाली एक खड्डा आणि दोन पत्रे. आठव्या-नवव्या वर्षी ते पुण्यात एका उस्तादाकडे लागले. उस्ताद युद्धाच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते आणि जीप, डॉज, ट्रक यांची हाडं-कातडी त्यांना तिथे कळली, असं चाचा सांगायचे. पुणे, खडकी, देहूरोड हा सगळा पट्टाच लष्करी डेपोंचा. युद्ध संपल्यावर गाड्या लिलावात निघाल्या आणि त्या गाड्या समजणारी माणसं रस्त्याच्या कडेला खड्डे खणून बसली. पुढे मुंबईत नव्या जीप जोडल्या जायला लागल्या, त्या खेड्यापाड्यांत पोचल्या, पण कंपनीचा माणूस अंदर मावळात कधी पोचायचा? तिथे पोचायचा असा एखादा मिस्त्री, एसटीने, पिशवीत पाने घेऊन.

यातले बरेच मुसलमान का होते, याचं उत्तर काही रक्तात शोधायला नको. शाळा सुटलेली, सरकारी नोकरीचं दार अर्धवट उघडं, जमीन नाही. गॅरेजला दाखला लागत नव्हता, उस्ताद लागत होता. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आकड्यांत दाखवलं, की नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमान कमी आणि स्वतःच्या हातावर पोट असलेल्या धंद्यांत जास्त. चाचांनी तो अहवाल वाचला नव्हता. त्यांना लिहिताही येत नव्हतं. बिलाच्या जागी ते सिगारेटच्या पाकिटावर नटबोल्टांची चित्रं काढून द्यायचे आणि अब्बा ती घेऊन नाना पेठेत सुटे भाग आणायला जायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत मराठा होते, ठाकर समाजाचा एक मुलगा होता, एक गुरव होता. हे मी एकोप्याची गोष्ट म्हणून सांगत नाही. चाचा त्या सगळ्यांना सारख्याच शिव्या द्यायचे.

आता मोकळं करण्याचं काम. टाय रॉडचं टोक निमुळत्या भोकात घट्ट बसलेलं असतं. स्प्लिट पिन काढली, कॅसल नट सोडला, तरी ते हलत नाही. नवशिका वरून पिनेच्या आट्यांवर हातोडा मारतो आणि आटे बसवतो. मीही एकदा पूर्वी हे केलं होतं आणि कानाखाली खाल्ली होती. योग्य रीत म्हणजे भोक ज्या आर्ममध्ये आहे त्याच्या बाजूवर एका हातोड्याचा आधार द्यायचा आणि समोरून दुसऱ्या हातोड्याने एक नेमका फटका मारायचा. भोक क्षणभर दबतं आणि पिन आपोआप सुटते. पहिलं टोक सातव्या फटक्याला सुटलं, शेवटचं दुसऱ्याला. टोक रॉडमधून काढताना किती वेढे फिरले ते मोजून खडूने शेडच्या पत्र्यावर लिहिलं, म्हणजे नवं टोक तेवढेच वेढे आत घालता येतं. गाडी घोड्यांवर उभी होती आणि शिवाय चॅसीखाली भंगारातून आणलेले लाकडी ओंडके रचले होते. घरी हे काम करू पाहणाऱ्याने बाकी काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही.

बेल क्रँकची खुंटी बाहेर काढली तर एका बाजूने ती इतकी खाल्ली गेली होती, की नख अडकत होतं. नाना पेठेत नवी खुंटी आणि बुशचं किट मिळालं, पण नवा बुश आमच्या बेल क्रँकच्या भोकात खुळखुळायला लागला. भोकही झिजून मोठं झालेलं. शेवटी वडगावच्या लेथवाल्याने गनमेटलचा बुश बाहेरून थोडा जाड, आतून नव्या खुंटीच्या मापाचा करून दिला आणि ग्रीससाठी आत बारीक खाच पाडली. त्याला वीस मिनिटं लागली, चहाला अर्धा तास. त्याने विचारलं, अजून हीच जीप? शेजारी चाकणला तर आता त्याच कंपनीचा अवाढव्य कारखाना आहे. लोणावळ्यात शनिवार-रविवारी थारची रांगच लागलेली असते, एका बोटाने फिरणारं स्टीअरिंग. मी म्हटलं, हीच.

डाव्या किंगपिनची बेअरिंग बदलायला सर्वांत जास्त वेळ गेला. चाकाचा हब, ब्रेकची प्लेट, आतला ॲक्सल, सगळं काढावं लागतं. वरखाली दोन निमुळती रोलर बेअरिंग असतात आणि त्यांचा ताण पातळ पत्र्याच्या शिमांनी जुळवायचा असतो. एक शिम जास्त झाली तर चाक हलतं, एक कमी झाली तर स्टीअरिंग जड. तीनदा उघडून चौथ्यांदा बसलं. त्यात दोन रविवार गेले. याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. हात काळे आणि जिभेवर चाचांचे शब्द.

मधल्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर एका ओळखीच्या गृहस्थांनी माझी नखं पाहून काय चाललंय विचारलं. जीपचं नाव काढताच ते म्हणाले, “वीर अब्दुल हमीदसुद्धा जीपवरूनच लढले.” खरंच आहे. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणच्या उसाच्या शेतांत, जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने त्यांनी पॅटन रणगाडे फोडले आणि तिथेच ते शहीद झाले. परमवीर चक्र मरणोत्तर. आमच्या लहानपणी मदरशाच्या भिंतीवरही त्यांचं चित्र होतं. कुणी आपल्या निष्ठेबद्दल शंका घेतली की आपण ही जीप बाहेर काढतो. त्याआधी शिवरायांच्या सैन्यातल्या मुसलमान सरदारांची यादी. मी स्वतः ते केलं आहे, भाषणांत केलं आहे. पण त्या दिवशी जीपचा सांगाडा डोळ्यांसमोर होता म्हणून असेल, मनात आलं, की तोफ डागणारा माणूस त्याच वेळी गाडी चालवू शकत नाही. त्या शेतांतून, त्या चिखलातून, रणगाड्यांच्या बाजूला जीप नेऊन उभी करणारं आणि गोळा सुटताच जागा बदलणारं स्टीअरिंग दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं. आणि त्या आदल्या रात्री त्या सांध्यांत कुणीतरी ग्रीस भरलं होतं. त्यांची नावं आपल्या यादीत नाहीत, कारण यादी आपण दुसऱ्यांना दाखवण्यासाठी करतो. स्वतःसाठी केली असती तर ती वेगळी झाली असती. गुलाम मोहम्मदांचं नाव त्यात मुळीच आलं नसतं.

अब्बा काही मोठे ड्रायव्हर नव्हते. दुधाचे कॅन, सिमेंटच्या गोण्या, कधी नवरदेव, कधी बाळंतीण, असं काहीबाही मावळातून लोणावळ्याला आणि लोणावळ्यातून खोपोलीला पोचवायचे. बोरघाट त्यांचा रोजचा. हा घाट १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी गाड्यांसाठी खुला केला. त्याआधी इथून मुख्यतः ओझ्याचे बैल आणि माणसं चढायची. एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण होईपर्यंत मुंबई-पुण्याची सारी वाहतूक याच वळणांवर. शिंग्रोबाच्या देवळापाशी सगळे ड्रायव्हर नाणं टाकायचे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा तो धनगर, आणि त्याबदल्यात त्याला गोळी मिळाली, अशी गोष्ट सांगतात. अब्बाही नाणं टाकायचे. दादीने एकदा टोकलं तर म्हणाले, “अम्मा, वो रास्ता दिखाया था. उसका भाडा है.”

डावीकडे बसून घाट चालवायची एक तऱ्हा होती. डावा कठडा, गटार, दरीची कड ड्रायव्हरला इंचाइंचाने दिसायची. पण पुढे ट्रक असला तर त्याच्या पलीकडे काय आहे ते मुळीच दिसायचं नाही. म्हणून उजव्या सीटवर एक माणूस लागायचा. त्याने बाहेर वाकून समोर बघायचं आणि सांगायचं : थांब, थांब, आता काढ. आठव्या वर्षापासून ते काम माझ्याकडे होतं. अब्बा माझ्या शब्दावर गाडी उजवीकडे घालायचे. आज मुलीला सांगताना अंगावर काटा येतो, एका पोराच्या ‘आता’वर पाच-सहा माणसांचा जीव. बऱ्याच लोकांनी पुढे त्यांच्या जीपचं स्टीअरिंग उजवीकडे करून घेतलं. अब्बांनी नाही घेतलं. खर्च हे एक कारण. दुसरं, चाचांचं म्हणणं, की हिची सगळी हाडं डावीकडून विचार करून बसवलेली आहेत.

टाय रॉड, बेल क्रँक, किंगपिन झाल्यावर ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं उघडली. आत स्प्रिंग आणि गोळ्याला धरणाऱ्या दोन वाट्या. वाट्या नव्या घातल्या, टोकाचा स्क्रू पूर्ण आवळून अर्धा वेढा मागे घेतला, स्प्लिट पिन घातली. ग्रीस गनने प्रत्येक निपलमध्ये जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं पिवळं दिसेपर्यंत भरलं. मग चाकांची दिशा. त्यासाठी कुठल्या मशीनची गरज नाही. दोन्ही पुढच्या टायरांच्या मधोमध खडूची रेघ मारायची, दोन रेघांमधलं अंतर आधी टायरच्या पुढच्या बाजूला मोजायचं, मग मागच्या बाजूला. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी हवं. आमचं आधी जास्त भरलं, म्हणजे चाकं एकमेकांपासून तोंड फिरवून होती. पत्र्यावर लिहिलेल्या वेढ्यांवर अर्धा वेढा वाढवला आणि जमलं.

शेवटी बॉक्स. झाकण उघडलं तर लिव्हरच्या पिना एका बाजूने चपट्या झालेल्या. बदलायला हव्या होत्या, पण चांगल्या प्रतीचा लिव्हर मिळेना आणि मिळाला तो हातात घेऊनच परत ठेवला. बाजूच्या स्क्रूने पिना खाचेत थोड्या अजून खोल सरकवता येतात. पण यात एक मेख आहे. गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालते, त्यामुळे खाच मधोमध सर्वांत जास्त झिजते आणि दोन्ही टोकांना तशीच नवी राहते. मधला सगळा प्ले काढायला गेलं तर पूर्ण वळवताना स्टीअरिंग आवळून बसतं आणि घाटातल्या वळणावर तिथेच अडकतं. म्हणून स्क्रू आवळत जायचं, दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघायचं आणि जिथे अडकल्यासारखं वाटेल त्याच्या थोडं अलीकडे थांबायचं. चार बोटांचं एक बोट राहिलं. ते राहू दिलं.

रविवारी फजरनंतर, गाड्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत, जीप बाहेर काढली. चाळीसवर थडथड नाही. पन्नासवर नाही. खंडाळ्याच्या उतरणीला पुढे एक सिमेंटचा ट्रक आला. उजव्या सीटवर बसलेल्या मुलीला काय करायचं ते मी सांगितलं नव्हतं. तिने पट्टा जरा सैल केला, मान बाहेर काढली आणि म्हणाली, “थांबा अब्बू. एसटी येतेय.”